चेटकिणीची बाजू



जादू आणि चेटूक यांच्या कादंबऱ्या वाचणे हा पोरवयाचा छंद असून वय वाढले की तो आपोआप सुटावा, ही समजूत मराठीत दीर्घकाळ टिकून राहिली आहे. चाकणमध्ये भरलेल्या या साहित्य संमेलनात ती मान्य करणे अवघड आहे, कारण याच खेड तालुक्यातील आळंदीत, वाघावर बसून आणि सापाचा चाबूक करून आलेल्या योगी चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवादी भावंडांनी भिंत चालवली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या कथेत सिद्धी, म्हणजे योगसाधनेने लाभणारे अलौकिक सामर्थ्य, दोन्ही पक्षांकडे आहे. तरी परंपरेने अधिक जपले ते चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवलेले कोरे पत्र आणि त्याला उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्या. जादूने माणूस मोठा होत नाही, हे सांगण्यासाठी येथे जादूच कामाला लावली गेली.

शके 1741 मध्ये, म्हणजे इ.स. 1819 च्या सुमारास, पूर्ण झालेल्या मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ग्रंथात शाबरी विद्येचा, म्हणजे लोकभाषेतील मंत्रांच्या विद्येचा, मोठा विस्तार आहे. मुलांच्या हट्टाखातर चिखलाचा पुतळा करीत असताना गोरक्षाच्या मुखी संजीवनी मंत्र होता आणि त्यामुळे पुतळ्यात प्राण येऊन गहिनी जन्मला, हा प्रसंग कोणत्याही अद्भुतकथेच्या तोडीचा आहे. श्रावणात पारायणाला घेतली जाणारी ही पोथी कादंबरीसारखीही वाचता येते, मग ते भाविकांना रुचो वा न रुचो. छापील मराठी कादंबरी 1861 च्या ‘मुक्तामाला’पासून आणि 1868 च्या ‘मंजुघोषा’पासून अद्भुतरम्यतेच्याच वाटेने चालू लागली, आणि अलीकडे हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठीत आला तोही शीर्षकात ‘परीस’ हा घरचाच शब्द घेऊन.

या परंपरेत नारायण धारप (1925–2008) यांचे स्थान वेगळे आहे. ‘चेटकीण’, ‘ग्रहण’ किंवा स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर बेतलेली ‘लुचाई’ लिहिणाऱ्या या लेखकाचे शिक्षण रसायनतंत्राचे होते, आणि त्यांच्या लेखनातील अमानवी शक्तीही बहुधा नियमाने वागते: तिला आवाहन लागते, वेळ लागते, मोबदला लागतो. यंत्राचा क्रम चुकला तर हात जातो, हे रोज पाळीवर अनुभवणाऱ्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. अशा कादंबऱ्यांमुळे अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप म्हणूनच उथळ आहे. पुस्तक मिटताना भय मागे ठेवायचे असते, हा करार वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतो.

गावात एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाते तेव्हा मात्र असा करार नसतो. डाकीण म्हणजे नजरेने वा मंत्राने रोगराई आणणारी मानलेली स्त्री. सातपुड्यातील नंदुरबार भागात या आरोपाने स्त्रियांना मारहाण झाली आहे, गाव सोडावे लागले आहे. अंधश्रद्धाविरोधी कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, एखाद्याला करणी वा जादूटोणा करणारा ठरवून छळणे हा सहा महिने ते सात वर्षे कैदेचा गुन्हा ठरवला. आरोप हीदेखील गोष्टच असते, पण ती सांगणारे तिला गोष्ट मानत नाहीत.

मराठी कादंबरीचे खरे उणे येथे आहे. मांत्रिकाला तिने नाव, गुरू, साधना, पश्चात्तापसुद्धा दिला. चेटकिणीच्या वाट्याला बहुतेक वेळा पिंजारलेले केस आणि खदखदा हसणे एवढेच आले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण मुलांची लाडकी झाली, हे त्या बालनाट्याचे यश, प्रौढांच्या कादंबरीने तिला अंतरंग देण्याचे काम मात्र फारसे मनावर घेतले नाही. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतची माणसे आज कामासाठी चाकणच्या कारखान्यांत येतात आणि ज्या आजीला, मावशीला गावाने वाळीत टाकले तिची हकिगत त्यांच्यापैकी कोणाजवळ तरी असणार. नव्या लेखकांनी ती ऐकावी, आणि तिच्या तोंडून, तिच्या बाजूने लिहावी.