सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका

गटाच्या बैठकीत शिलाईच्या मजुरीचा विषय निघाला की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं, "शिवण काय, कुठल्याही बाईला येतं!" आज या वाक्याला उत्तर देणाऱ्या बायकांची गोष्ट सांगतो. ती घडली इंग्लंडमध्ये, मोटारींच्या कारखान्यात.

मोटारींच्या धंद्यात इंग्लंडचं एकेकाळी मोठं नाव होतं. आपली जुनी अॅम्बॅसडर तिथल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरूनच बेतलेली. पुढे तिथल्या कंपन्या काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. जग्वार आणि लँड रोव्हर तर २००८ पासून आपल्या टाटांकडे आहेत.

फोर्ड कंपनी मूळची अमेरिकेची, पण लंडनजवळ डॅगनहॅमला तिचा भला मोठा कारखाना होता. तिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं बायका मशीनवर शिवायच्या. कंपनीने कामांचे वर्ग पाडले आणि शिवणकाम 'कमी कौशल्याच्या' वर्गात टाकलं. त्यातही त्या वर्गातल्या पुरुषाला शंभर मिळत असतील, तर बाईला पंच्याऐंशीच.

७ जून १९६८ रोजी या बायकांनी काम बंद केलं. होत्या फक्त १८७ जणी. पण कव्हर नाही तर सीट नाही, आणि सीट नाही तर गाडी पुरी होत नाही. एवढा मोठा कारखाना अडून बसला! तीन आठवड्यांनी रोजगार मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना चहाला बोलावलं आणि तोडगा निघाला. पंच्याऐंशीचे ब्याण्णव झाले, पुढच्या वर्षी पूर्ण शंभर द्यायचं ठरलं. १९७० मध्ये इंग्लंडात समान वेतनाचा कायदाही झाला.

पण आमचं काम कौशल्याचं आहे, ही त्यांची मूळ मागणी राहूनच गेली. ती मान्य व्हायला १९८४ साल उजाडलं, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला. म्हणजे कौशल्य हा एक शब्द मिळवायला सोळा वर्षं!

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या कामाचे तास वहीत लिहून आणा. गोधडी असो, पापड असो की ब्लाऊज, भाव ठरवताना सामानाच्या खर्चाखाली हाताच्या कसबाची एक ओळ मांडायची. ती ओळ आपण मांडली नाही, तर दुसरं कोण मांडणार?