कानाचा हिशेब



आम्ही उमेदीची वर्षे गिरणीच्या साचेखात्यात काढली. साच्यांच्या खडखडाटात एकमेकांचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागे. त्यामुळे कान गेल्याचे कामगाराला नोकरीत कळतच नसे. निवृत्त होऊन घरी बसला आणि नातवाच्या हाका ऐकू येईनात, म्हणजे कळे!

मग श्रवणयंत्राचा खर्च कोणी द्यायचा? खाजगी विमा बहुधा इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान कार्डही त्याचसाठी. कान तपासायला तर खाट लागत नाही!

तरी वाट अगदीच बंद नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याखाली, पाच वर्षे विम्यात राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत पतिपत्नींच्या औषधोपचाराची सोय झाली. गोंगाटाने आलेले बहिरेपण धंद्याच्या रोगांत धरले गेले. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने गरीब वृद्धांना श्रवणयंत्र मोफत देऊ केले.

पण आमच्या एका सोबत्याने निवृत्तीनंतर भरपाई मागितली, तेव्हा 'हे वयाचे बहिरेपण' असे उत्तर आले. ते खोडून काढायला त्याच्यापाशी कागद नव्हता.

म्हणून सांगतो: नोकरीत असतानाच दरसाल कान तपासून घ्या, तो कागद विम्याच्या कार्डाबरोबर जपा. श्रवणयंत्र मागताना संकोच करू नका. साच्यांनी नेलेल्या कानाचे ते थकलेले वेतन आहे.