आळशी वायूचा उद्योग



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘वेल्डिंगमधील आर्गन’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “श्रोते येतील ना?” संतवाङ्मय, अर्थकारण, संगीत अशा विषयांच्या पंगतीत हा धुराचा आणि ठिणग्यांचा विषय म्हणजे जेवणाच्या पानात खिळा वाढल्यासारखेच. तरीही आपण आलात. निम्मी मंडळी सभागृहातील कूलरसाठी आली असतील, पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसकडे धावू लागला की शहाणा माणूस कूलर पाहूनच जागा धरतो. मात्र हा कूलर ध्यानात ठेवा. आजच्या गोष्टीत त्याच्याकडे खलनायकाचे काम आहे.

आरंभ आपल्या गावच्या लोहारापासून करू. बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी धाव चढवितात, तिची दोन टोके एकमेकांत कशी मिळविली जातात हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. लोहार टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवी, त्यांवर चिमूटभर वाळू किंवा टाकणखार टाकी आणि मगच घण घाली. ती चिमूट कशासाठी? तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर खवले धरतात, आणि खवल्यावर खवला ठोकून सांधा होत नाही. वाळू आणि टाकणखार ते खवले वितळवून बाहेर काढतात व लोखंडावर पातळ काचेसारखे पांघरूण घालतात. सोनारही डाग देताना टाकणखारच वापरतो. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेल्या आपल्या मगन संग्रहालयामुळे ग्रामोद्योग हा शब्द वर्ध्याला नवा नाही. त्या ग्रामोद्योगातील लोहाराला जे ठाऊक होते, तेच आजच्या विषयाचे सार आहे : तप्त धातूचा शत्रू आग नव्हे, हवा होय.

विजेच्या वेल्डिंगमध्ये हा शत्रू अधिकच बळावतो. लोखंड १५३८ अंशांना वितळते, आणि विजेच्या ज्योतीचे तापमान त्याच्या कित्येक पट असते. अशा रसात हवेतील ऑक्सिजन शिरला की धातू जळतो. नायट्रोजन शिरला की रस थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि जोडात जाळी पडते. ओलाव्यातून हायड्रोजन आला, तर पोलादाला काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. संध्याकाळी ठणठणीत दिसलेला जोड सकाळी चिरलेला सापडतो आणि बिचारा कारागीर रात्रभर त्याला कोणी हात लावला याचा शोध घेत बसतो. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेल्डिंगच्या रॉडवर लेप चढविण्याची युक्ती काढली. तो लेप जळून वायूचे आणि मळीचे असे दुहेरी पांघरूण तयार होते. आपल्या गल्लीत खिडकीची जाळी जोडणारा कारागीर शेवटी हातोडीने जी काळी खपली उडवितो, ती हीच मळी.

खिडकीच्या जाळीला एवढे पुरे. पण ॲल्युमिनियमचे काय? तो धातू ६६० अंशांना वितळतो, तर त्याच्यावरची साय वितळायला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. आत पाणी झाले तरी वरची कातडी शाबूत. स्टेनलेस पोलादाचे काय? गोरसपाकाच्या या गावात दुधाच्या टाकीचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. त्या टाकीच्या जोडात एक बारीक छिद्र राहिले तरी त्यात दूध अडकते, नासते, आणि कितीही धुतले तरी वास जात नाही. अशा ठिकाणी मळीचे पांघरूण नको, स्वच्छ वायूचे छत्र हवे. आणि तो वायू असा हवा की जो कशातच मिसळणार नाही, कशाशीच भांडणार नाही.

असा वायू आपल्या नाकासमोरच होता, पण सापडला फार उशिरा. इंग्लंडात लॉर्ड रॅले नायट्रोजनचे वजन करीत होता. हवेतून काढलेला एक लिटर नायट्रोजन १.२५७ ग्रॅम भरे आणि रासायनिक द्रव्यांतून काढलेला १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा! आमच्यासारख्याने तराजूला दोष देऊन विषय मिटविला असता. रॅलेने तसे केले नाही. त्याने आणि विल्यम रॅम्झेने तो फरक धरून ठेवला आणि १८९४ साली हवेत दडलेला नवा वायू जगापुढे मांडला. तो कशाशीच संयोग पावेना म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आर्गन ठेवले. दोघांनाही १९०४ साली नोबेल पारितोषिके मिळाली, एकाला पदार्थविज्ञानाचे, दुसऱ्याला रसायनाचे. हाच रॅम्झे १९००च्या सुमारास जमशेटजी टाटांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आला होता. त्यांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी त्याने बंगलोरची शिफारस केली, आणि त्याचा सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स त्या संस्थेचा पहिला संचालक झाला.

आर्गनचा भाऊ हेलियम. त्याची पहिली खूण १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांत मिळाली. फ्रान्सचा यान्सेन त्या वेळी गुंटूरला होता. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात आणि लॉकियरने तेथूनच हेलियम पाहिला असे अभिमानाने सांगतात. तो अभिमान आम्हांलाही हवासा वाटतो; पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होता आणि त्याने आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना केले. असो. वेल्डिंगमध्ये पहिला मान मात्र हेलियमलाच मिळाला. १९४०च्या आसपास अमेरिकेत विमानांसाठी मॅग्नेशियम जोडणे अवघड झाले, तेव्हा रसेल मेरेडिथने टंगस्टनची न वितळणारी सळई घेऊन तिच्याभोवती हेलियमचा झोत सोडला. पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी स्वस्त आणि जड आर्गनने घेतली. आज आपल्या बाजारात त्या पद्धतीचे शास्त्रीय नाव कोणी घेत नाही. दुकानदार सरळ विचारतो, “साधं मारू का आर्गन मारू?”

हा आर्गन येतो कोठून? हवेतूनच. हवेच्या शंभर भागांत तो एकाहूनही कमी, ०.९३ भाग. हवा थंड करून तिचे पाणी केले की नायट्रोजन उणे १९६ अंशांना, आर्गन उणे १८६ अंशांना आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. आर्गन ऑक्सिजनला किती चिकटून बसला आहे पाहा, अवघे तीन अंश! म्हणून त्याला वेगळा काढायला उंच मनोरे लागतात. निळ्या रंगाच्या एका मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर आर्गन दाबून भरलेला असतो. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच सभागृहातील सगळी हवा पिळून काढावी तेव्हा एवढा आर्गन हाती लागतो. आणि कारागीर तो मिनिटाला दहा लिटर या हिशेबाने बारा तासांच्या आत उडवितो.

आर्गन आणि ऑक्सिजन एकाच घरचे, याची जाणीव आपल्याला २०२१च्या एप्रिलमध्ये झाली. सेवाग्राम आणि सावंगीच्या इस्पितळांबाहेर नातेवाईक कसे उभे होते ते आपण विसरला नसाल. त्या महिन्यात बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन सरकारने थांबविला, आणि आर्गन व नायट्रोजनचे टँकर व सिलिंडर ऑक्सिजनसाठी वापरण्याची मुभा दिली. आपल्या भूगावच्या पोलाद कारखान्यातला ऑक्सिजन वायुरूपात होता, तो टँकरने नेता येईना. तेव्हा ऑक्सिजन रुग्णाकडे नेण्याऐवजी रुग्णांच्या खाटाच कारखान्यापाशी घालण्याची योजना पुढे आली. शेडमधली मशिने गप्प होती. आमच्या हाताखाली शिकलेली मुले रोज फोन करीत, “सर, गॅस कधी येईल?” त्या दिवसांत कोणता गॅस असे विचारायचेही आम्हांला भय वाटे.

सर्वच काम आर्गनचे नसते. ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगराची चौकट, पत्र्याच्या शेडचे खांब यांना आर्गन परवडत नाही. तेथे कर्बवायू, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘सीओटू’. १९५३च्या सुमारास रशियन संशोधकांनी ही वाट रुळविली. हा वायू काही आळशी नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने तो फुटतो आणि त्यातून थोडा ऑक्सिजन सुटतो, म्हणजे पहारेकरीच हळूच घर लुटतो. तोड अशी की जोडाच्या तारेतच सिलिकॉन आणि मँगनीज घालून ठेवतात; ते तो ऑक्सिजन स्वतःवर घेतात आणि लोखंड वाचते. आर्गनमध्ये वीसेक टक्के कर्बवायू मिसळला की जोड मऊ वाहतो, ठिणग्या कमी उडतात. खर्चाचा मेळ बसत असेल तेथे आमचे मत या मिश्रणालाच आहे.

आता कूलरकडे वळू. वायूचे छत्र म्हणजे काही पत्रा नव्हे. सेकंदाला दोन मीटर वारा, म्हणजे साधी झुळूक, ते उडवून लावते. आता वर्धा, देवळी, हिंगणघाट येथील एमआयडीसीतल्या एखाद्या शेडचे मे महिन्यातील दुपारचे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर तापलेला पत्रा, अंगात जाड कपडे, हातांत चामड्याचे मोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, पुढ्यात ज्योत. पंखा लावला तर जोडात जाळी पडते, न लावला तर माणूस पडतो. मालक म्हणतो पंखा बंद करा. जोड बाद झाला तर त्याची मजुरी कापणारे मालकही आम्ही पाहिले आहेत, आणि हा अन्याय आहे असे आम्ही त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. ज्या सूर्यावर कारागिराची सत्ता नाही त्याचा दंड त्याने का भरावा? उपाय अगदी साधे आहेत. कामाभोवती ताडपत्रीचा पडदा लावावा. कूलरचा झोत जोडावर न सोडता कारागिराच्या पाठीवर सोडावा. आणि वैशाखात आर्गनचे काम पहाटे सहाला सुरू करून अकराला आटोपावे. आमच्या ओळखीच्या एका शेडने तसे केले आणि बाद जोड कमी झाले. रात्री बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून निजणाऱ्यांसाठी मात्र उपाय एकच, काच योग्य नंबरची घ्यावी. आर्गनची ज्योत फार प्रखर असते.

परंतु ज्यासाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला ती गोष्ट निराळीच आहे. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही, अशी बातमी आपल्या भागात दर काही वर्षांनी ऐकू येते. आर्गन हवेपेक्षा सव्वापटीहून जड, म्हणून तोही खड्ड्यात आणि टाकीच्या तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो विषारीही नाही. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो. आणि आपले शरीर असे की श्वास कोंडल्याची जाणीव त्याला ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, कर्बवायू साचल्याने होते. आर्गन हुंगणाऱ्याचा कर्बवायू उच्छ्वासावाटे बाहेर जातच असतो. म्हणून तो गुदमरत नाही, धडपडत नाही. दोनचार श्वासांत खाली बसतो.

एका शेडमध्ये (नाव सांगत नाही) दोन हजार लिटरची दुधाची टाकी होत होती. जोडाची मागची बाजू काळी पडू नये म्हणून टाकीत आर्गनची नळी सोडली होती. जेवणाच्या सुटीत ती बंद करायची राहिली. मिनिटाला दहा लिटर, तासाला सहाशे लिटर. सुटीनंतर आमचाच एक विद्यार्थी जोड पुसायला आत उतरला, वाकला आणि तसाच कलंडला. त्याच्या मागोमाग दुसरा उडी घालणार, तोच मिस्त्रीने त्याचा दंड धरला. शेडमधला मोठा पंखा ओढत आणून त्यांनी टाकीच्या तोंडावर लावला, दोघांनी तोंडातून ओणवे होऊन पोराच्या काखेत हात घातले आणि त्याला वर खेचला. पोरगा वाचला. आम्ही संध्याकाळी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, दम नाही कोंडला काही. निस्ती झोप लागल्यावानी वाटलं.”

ते वाक्य ऐकल्यापासून आम्ही प्रत्येक तुकडीला शिकविताना पहिला दिवस जोडाला देत नाही, टाकीला देतो. नळी बंद झाली का, आत ताजी हवा फुंकली का, ऑक्सिजन मोजणारे लहान यंत्र आत सोडले का, कमरेला दोरी आहे का, आणि दोरीचे दुसरे टोक धरून बाहेर माणूस उभा आहे का. मालक विचारतात, “दोरी धरायला एक माणूस म्हणजे एक रोज जातो, तो कोणी द्यायचा?” आपल्यापैकी जे टाक्या बनवून घेतात, ज्यांच्या दुग्धशाळा, तेलघाण्या आणि उपाहारगृहे आहेत, त्यांनी तो रोज आपल्या बिलात मोकळेपणाने लावून घ्यावा, एवढे मागण्यासाठीच आम्ही या व्यासपीठावर आलो आहोत.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. टेबलावर स्टेनलेसच्या पत्र्याचे दोन तुकडे ठेवले आहेत, एकाच कारागिराने एकाच सकाळी जोडलेले. एक पंखा लावून, एक बंद करून. जाताना हातात घेऊन पाहावेत. पत्र्याची धार मात्र बोटाला लागते, जपून.