दुसऱ्या घरी न उघडलेली सीडी

गोष्ट २००६ सालची. अम्मी पैगंबरवासी झाल्यावर तिच्या जात्यावरच्या ओव्यांची एकच कॅसेट आमच्याकडे उरली होती. साताऱ्यातल्या एका दुकानात तिची सीडी करून घेतली. काम संपता संपता फीत यंत्रात गुंतून तुटली. पण सीडी दुकानातल्या संगणकावर लख्ख वाजली, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

धाकटी बहीण सांगलीला दिलेली. सीडी घेऊन मी एसटीने तिच्याकडे गेलो. सगळे जमले. भाच्याने सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला, दिवा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरे आली : सीडी घाला! शेजारच्या घरी नेली, तिथेही तेच. बहीण काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला.

सीडीच्या व्यवसायातल्या एका ओळखीच्या माणसाने ती उन्हाकडे तिरपी धरून पाहिली. म्हणाला, ''भाई, हिच्यावर लिहिलंय. रंगाचा पट्टा वेगळा दिसतोय बघा. पण सेशन बंद केलेलं नाही.'' मग त्याने समजावले. सीडीवर लेसरने मजकूर लिहिला, की शेवटी सेशन बंद करावे लागते. त्या वेळी सीडीच्या आतल्या बाजूला अनुक्रमणिका लिहिली जाते. लिहिणाऱ्या यंत्राला अर्धवट सीडीही वाचता येते. साधा ड्राइव्ह मात्र अनुक्रमणिका नाही म्हणून तिला कोरी समजतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सातारा. त्याच दुकानात, त्याच संगणकावर सीडी उघडली. अम्मीचा आवाज आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आधी फाइली संगणकावर उतरवल्या, मग नव्या सीडीवर कमी वेगाने लिहून सेशन बंद केले. दोन प्रती केल्या आणि वेगवेगळ्या संगणकांवर वाजवून पाहिल्या.

त्या दिवसात बरेच शिकलो. पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी प्रकाश कमी परतवते, म्हणून जुने ड्राइव्ह तिला ओळखत नाहीत. डीव्हीडीत 'प्लस' आणि 'मायनस' अशा दोन जाती. काही जुन्या यंत्रांना त्यांतली एकच चालते. धूळ पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे; गोल गोल नव्हे. नाव लिहायच्या बाजूला जपावे. सीडीत मजकूर त्याच बाजूच्या पातळ लेपाखाली असतो. आणि संगणकाने 'सीडी कोरी आहे, फॉरमॅट करू का?' असे विचारले, तर घाईने 'हो' म्हणू नये. आधी जिथे लिहिली, तिथे ती लावून पाहावी.

आता नव्या लॅपटॉपना बहुधा ड्राइव्हच नसतो. लग्नाच्या, बारशाच्या, गेलेल्या माणसांच्या आवाजाच्या सीडी मात्र कपाटात आहेत. ऊन आणि दमट हवा त्यांच्यावरचा रंगाचा थर हळूहळू खाते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. वेळ आहे तोवर सीडी उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहा.

मी कविता लिहितो. आपल्याला कळली म्हणजे ती दुसऱ्यालाही पोचली, असे मला पूर्वी वाटायचे. त्या सीडीने तो भ्रम घालवला.

बहिणीने ओव्या ऐकल्या त्या पुढच्या रविवारी. तिसऱ्या ओवीला तीही अम्मीबरोबर गाऊ लागली.