पाठीवरच्या पट्ट्या
(महिला मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा वर्षं एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात समाजसेविका म्हणून बसते. डॉक्टरांसमोर जे बोलवत नाही, ते बायका बाहेर येऊन माझ्याजवळ बोलतात.

सोरायसिस शिवाशिवीनं होत नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्यापैकी कुणाच्या तरी घरात आज सुनेचं ताट-वाटी वेगळी ठेवलेली असेल.

मागच्या उन्हाळ्यात चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई आली. कोपरांवर चट्टे, आणि कमरेवर बरोबर परकराच्या नाडीखाली. घासल्या जागी हा आजार उठतो. डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावलं की दुसऱ्या दिवशी भयंकर खाज, चट्ट्याच्या बाहेरही पुरळ. सासू म्हणाली, "औषध म्हटलं की झोंबायचंच." नवरा म्हणाला, "एवढं महागाचं आणलंय, लाव." तिनं तीन आठवडे सोसलं. मग दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली. चार दिवसांत गुण! आत कडक स्टिरॉइड होतं. अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश २०१८ साली निघाला. दुकानदारांना त्याची फारशी आठवण नसते. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, एकदम बंद केलं तर आजार उसळू शकतो. तिचा उसळला, तेव्हा ती पुन्हा आमच्याकडे आली.

आता "सोसत नाही" याचे दोन अर्थ आहेत. एक जळजळ. औषधच तिखट असतं, कुणालाही झोंबेल. डिथ्रानॉल हे जुनं औषध चट्ट्यावरच, थोडा वेळ लावून पुसायचं असतं. चांगल्या कातडीला लागलं तर ती भाजते. अशा वेळी डॉक्टर प्रमाण किंवा वेळ कमी करतात. दुसरी ॲलर्जी. तिथं थोडंसुद्धा चालत नाही, ती वस्तू कायमची टाळावी लागते. आणि पुष्कळदा वावडं औषधाचं नसतंच. सुगंधाचं, लोकरीच्या चरबीचं, क्रीम टिकावं म्हणून घातलेल्या द्रव्याचं असतं.

ट्यूबवर "चाचणी केलेले" असतं, असं तुम्ही म्हणाल. त्या चाचण्या बहुधा निरोगी कातडीच्या माणसांवर होतात. दिवसभर भांड्यांच्या साबणात हात असलेल्या, चट्टे आलेल्या बाईवर नव्हे.

तिच्यासाठी पॅच टेस्ट हवी होती. यात सुई नाही. संशयित द्रव्यं छोट्या चकत्यांत घालून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. पाठीला स्टिरॉइड आधीच बंद. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितलं. बाई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ताई, नळावरचं पाणी काय डॉक्टर भरणार?"

मी घरी गेले. सासूबाई आधी घुश्शात होत्या. पण हंड्यांचं त्यांनीच जमवलं, मुलाला उठवून नळावर पाठवलं. (त्याला कमरेचं दुखणं अचानक आठवलं, ते सोडा.) उन्हाळा टाळून टेस्ट डिसेंबरात केली. निघालं ते टिकाऊपणाच्या द्रव्याचं वावडं. औषध तेच ठेवून डॉक्टरांनी क्रीमऐवजी मलम दिलं. मलमात पाणी नसतं, म्हणून बहुधा ते द्रव्यही लागत नाही. आता पुरळ नाही. चट्टे आहेत, पण कमी.

चार घरांपैकी तिघांनी सुट्टी दिली. चौथ्यांनी पाच दिवसांचे पैसे कापले. ते मागायला आम्ही सोमवारी संध्याकाळी जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी मला भेटा.