एक नंबरचे इंजिन

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी बोईसरचा. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात मी अडतीस वर्षे बॉयलरवर होतो. बॉयलर अटेंडंट म्हणजे काय, हे बोईसरकरांना सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. कारखाना ज्या वाफेवर चालतो, ती वाफ तयार करणारा आणि सांभाळणारा हा माणूस. पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि दाब दाखवणारा काटा, या दोन गोष्टींवरून त्याची नजर हलता कामा नये. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण अजूनही घरात कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही की मी आधी स्वयंपाकघरात जातो.

असा माणूस परदेशी गेला तर काय पाहील? माझा मुलगा नोकरीनिमित्त तोक्योत असतो. तिथल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांतलेच एक त्याचे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. पहिला आठवडा देवळे, बागा आणि उंच मनोरे पाहण्यात गेला. सौ. खूष होती. मी आपला मागे मागे चालत होतो. मुलाच्या ते लक्षात आले असावे. एका सकाळी तो म्हणाला, "बाबा, आज तुमच्या आवडीचं. आज बॉयलर बघायला जाऊ."

तोक्योच्या उत्तरेला सैतामा प्रांतात ओमिया नावाचे मोठे जंक्शन आहे. तिथून एका छोट्या गाडीने एकच स्टेशन पुढे गेले की रेल्वे संग्रहालय येते. हे संग्रहालय १४ ऑक्टोबर २००७ रोजी उघडले. हा दिवस मुद्दाम निवडलेला. १८७२ साली याच तारखेला जपानची पहिली आगगाडी तोक्योतल्या शिम्बाशीहून योकोहामाला गेली. अंतर सुमारे २९ किलोमीटर. म्हणजे आपल्या पालघरहून निघून डहाणूच्या थोडे अलीकडे थांबण्याइतके.

त्या पहिल्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनांपैकी एक तिथे ठेवले आहे. नावच 'एक नंबरचे इंजिन'. मी मोठ्या अपेक्षेने समोर गेलो आणि क्षणभर हिरमुसलो. किती लहान ते! पुढे दोन लहान चाके, मागे चार मोठी, वर उंच धुराडे. आमच्या कारखान्यातला बॉयलर याच्यापेक्षा कितीतरी थोराड होता. पण थोडे थांबून पाहिले तेव्हा ओळख पटू लागली. तीच भट्टी, तोच नळकांड्यांतून धूर जाऊन पाणी तापवण्याचा प्रकार, दाब वाढला तर आपोआप उघडणारी तीच सुरक्षा झडप. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसालासुद्धा तीच काळजी होती, जी मला अडतीस वर्षे होती. पाणी कमी पडता कामा नये आणि दाब हाताबाहेर जाता कामा नये.

मुलाने फलक वाचून दाखवला. हे इंजिन जपानात बनलेलेच नाही. ते १८७१ साली इंग्लंडमध्ये, न्यूटन-ले-विलोज या गावच्या व्हल्कन फौंड्री कारखान्यात तयार झाले. नाव ऐकले आणि मी चमकलो. कारण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपली पहिली गाडी निघाली, तिला तीन इंजिने जोडली होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावे सांगतात. ती इंजिनेही याच व्हल्कन फौंड्रीची. त्यांचीही चाके अशीच, पुढे दोन लहान आणि मागे चार मोठी. म्हणजे माझ्यासमोर उभे होते ते आपल्या साहिब-सिंध-सुलतानचे धाकटे भावंड, एकाच कारखान्यातून निघून दुसऱ्या देशात नांदायला गेलेले.

जपानच्या आधी एकोणीस वर्षे आपल्याकडे आगगाडी आली. आपल्या पालघर-बोईसरच्या बाजूचा मार्गही जुना. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची लाइन गुजरातकडून खाली येत येत १८६४ च्या अखेरीस मुंबईत ग्रँट रोडला पोचली. म्हणजे जपानात पहिली गाडी धावली, तेव्हा आपल्या गावांवरून गाड्या जायला आठ वर्षे होत आली होती. पण साहिब, सिंध, सुलतान यांपैकी एकही इंजिन आज पाहायला मिळत नाही. तसे आपण सगळेच घालवले असे नाही. १८५५ सालचे 'फेअरी क्वीन' आपण राखले, १९७७ साली दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उभारले. मात्र पहिली ती पहिलीच. ती गेली.

जपानचे हे पहिले इंजिनही जवळजवळ गेलेच होते, बरे का. नवी, मोठी इंजिने आली तसे ते जुने झाले आणि १९११ साली दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरील शिमाबारा नावाच्या एका लहान रेल्वे कंपनीकडे गेले. तिथे ते पुढची बरीच वर्षे निमूटपणे राबत राहिले. मग कोणाच्या तरी लक्षात आले की हे तर आपले पहिले इंजिन. १९३० साली त्याच्या बदल्यात दुसरे इंजिन देऊन ते परत आणले. १९९७ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान मिळाला.

परत पाठवताना शिमाबारा कंपनीच्या अध्यक्षांनी एक गोष्ट केली. त्यांनी इंजिनाच्या अंगावर एक लहान पाटी बसवून दिली. तिच्यावर चिनी वळणाची पाचच अक्षरे आहेत. निरोप देताना मन अतोनात भरून आले आहे, असा त्यांचा अर्थ, असे मुलाने मला सांगितले.

श्रोतेहो, त्या पाटीचे ऐकले आणि मला पुढे काही ऐकूच येईना. त्याचे कारण सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, रेल्वेत चावीवाले होते. पालघर ते बोईसर या टापूत, उमरोळीच्या आसपास त्यांची हद्द होती. चावीवाल्याचे काम असे. पहाटे निघायचे, रुळांच्या कडेने चालत एक बाजू तपासत जायचे आणि दुसरी बाजू तपासत यायचे. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात, त्या हातोड्याने ठोकून बसवायच्या. सांध्यांचे बोल्ट पान्याने आवळायचे. बरोबर लाल आणि हिरवी निशाणे. रूळ तुटलेला दिसला तर गाडी थांबवण्यासाठी रुळावर लावायचे फटाके. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीला हातात कंदील. वर्षानुवर्षे हा माणूस असा चालला. किती चालला असेल याचा हिशेब मी एकदा करायला बसलो होतो, पण मध्येच सोडून दिला.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी ते मला पालघर स्टेशनात घेऊन जात. तेव्हा मेल गाड्यांना डब्ल्यूपी जातीची वाफेची इंजिने असत. बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले नाक आणि त्यावर मोठी चांदणी. ते धूड धडधडत आले की मी नानांच्या धोतराला घट्ट धरत असे. एकदा एका ड्रायव्हरने नानांना ओळखून हात केला. माझी छाती अशी फुगली, की इंजिन जणू आमच्याच घरचे!

नाना निवृत्त झाले. सत्तरच्या दशकात विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिने हळूहळू दिसेनाशी झाली. मोठ्या रुळांवरचे देशातले शेवटचे वाफेचे इंजिन १९९५ साली थांबले. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही बोईसरला नवे घर बांधले. जुन्या घरातला माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी निघाली. आत नानांचा पितळी बिल्ला, एक मोडका कंदील आणि काही कागद. नाना तेव्हा हयात नव्हते. मी घाईत होतो. पेटी तशीच भंगारवाल्याला दिली. पितळेचे वेगळे पैसे मिळाले, तेव्हा बरे वाटले होते, हेही खोटे बोलणार नाही.

कोणा शिमाबाराच्या माणसाने परक्या देशात बनलेल्या इंजिनाला निरोप देताना पाटी बसवली. आणि मी माझ्या बापाचा बिल्ला वजनावर विकला. त्या दिवशी ओमियाला ही गोष्ट मी पहिल्यांदाच मुलाला सांगितली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, आजोबांची हद्द नेमकी कुठून कुठपर्यंत होती?" मला नीट सांगता आले नाही.

दुपारी आम्ही संग्रहालयाच्या आवारातल्या एका जुन्या डब्यात बसून जेवलो. तिथे लोकांनी डबे खावेत म्हणून गाडीचे डबेच उभे करून ठेवले आहेत. आसपासचे लोक स्टेशनावर मिळणारे जपानी जेवणाचे डबे खात होते. आम्ही सूनबाईने दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी काढली. सौ. म्हणाली, "अगदी विरार शटलमध्ये बसल्यासारखं वाटतंय." फरक इतकाच की इथे बसायला जागा होती.

जेवणानंतर मधल्या मोठ्या दालनात गर्दी जमू लागली. तिथे एका फिरत्या चकतीवर सी-५७ जातीचे एक वाफेचे इंजिन उभे आहे. १४ डिसेंबर १९७५ रोजी जपानच्या राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची प्रवासी गाडी याच इंजिनाने ओढली. तेही त्यांनी जपले. पहिलेही ठेवले आणि शेवटचेही. ठरल्या वेळी भोंगा वाजतो आणि चकती इंजिनासकट सावकाश फिरते. भोंगा वाजला तेव्हा लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक जपानी गृहस्थ उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली. आमच्यात बोलायला भाषा नव्हती, पण त्यांच्याही घरात कोणी ना कोणी रेल्वेत असावे, असे मला उगाच वाटून गेले.

सर्वांत शेवटी आम्ही पाहिली ती बुलेट ट्रेन. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका मार्गावर जी पहिली पांढरी-निळी गाडी धावली, त्या मालिकेतला हा डबा. ताशी २१० किलोमीटर वेग, जगात तेव्हा अशी गाडी दुसरी नव्हती. आपली लाइन ग्रँट रोडला पोचली त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. गोल नाकाची ती गाडी पाहून मला एकदम डब्ल्यूपी इंजिनाचे नाक आठवले. या मालिकेच्या गाड्या २००८ साली कायमच्या थांबल्या. आता शाळेची मुले त्यांच्याकडे आपण जुन्या बैलगाडीकडे पाहतो तशी पाहतात.

आणि आमच्या बोईसरला बुलेट ट्रेन अजून यायची आहे. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, बारा स्टेशनांचा. पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. पालघर जिल्ह्यात विरार आणि बोईसर ही दोन स्टेशने. जपानमध्ये जे संग्रहालयात गेले, ते आमच्याकडे उद्याचे स्वप्न आहे. यात कमीपणा मानायचे कारण नाही. एकोणीस वर्षे आम्ही पुढे होतो, आता ते पुढे आहेत. गाड्या अशा मागेपुढे होतातच.

पण एक विचार मनातून जात नाही. या मार्गासाठी आपल्या जिल्ह्यात शेते गेली, घरे गेली. कोणी खुशीने दिली, कोणी मोबदला पाहून दिली, कोणी मोर्चे काढून विरोध केला. आज तो सगळा इतिहास लोकांच्या तोंडी ताजा आहे. आणखी चाळीस वर्षांनी हीच गाडी जुनी होईल, कदाचित तीही एखाद्या संग्रहालयात उभी राहील. गाडी जपली जाईल, कारण ती मोठी आहे, देखणी आहे. पण जिथून ती गेली त्या वावराचे नाव, त्या बांधावरचे आंब्याचे झाड, रूळ टाकणारे हात, हे कोणी जपायचे? ते काम सरकारवर सोडून भागणार नाही. माझ्या घरातला बिल्ला सरकारने विकला नव्हता.

म्हणून श्रोत्यांना एकच विनंती. तुमच्या घरी रेल्वेत, गिरणीत, कारखान्यात, मिठागरात राबलेले कोणी असेल, तर त्यांची एखादी वस्तू मोडीत घालू नका. वस्तू नसेल तर एका वहीत लिहून ठेवा. नाव, गाव, काम काय, किती वर्षे केले. तेवढे पुरे.

परत आल्यावर मी अशी वही केली. नानांची हद्द शोधायला एका सकाळी उमरोळीला गेलो. मुंबईकडून एक गाडी झपकन निघून गेली. पाठोपाठ रुळांच्या कडेने एक तरुण चालत आला. खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत गुंडाळलेली निशाणे. चाल अगदी नानांची. मी त्याला थांबवून नाव विचारले. तो दचकला. म्हणाला, "काही चुकलं का, काका?"

म्हटले, "नाही रे बाबा. वहीत लिहून ठेवायचं आहे."