माशांचे परोपजीवी आणि माशांची प्रतिकारशक्ती



तळ्यात किंवा टाकीत सोडलेली बोटुकली एके दिवशी तळाशी अंग घासू लागतात, पाणी जेथून आत येते तेथे गर्दी करतात, आणि त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मत्स्यपालक घाबरतो व मिळेल ते औषध पाण्यात ओततो. पुढे ठिपके नाहीसे होतात आणि औषध लागू पडले असे त्याला वाटते. परंतु थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिपके उठतात आणि मासे भराभर मरू लागतात. असे का घडते, याचे उत्तर तळ्याच्या काठावर उभे राहून सापडत नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सापडते.

हा रोग 'इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस' नावाच्या एकपेशीय प्राण्यामुळे होतो. फुके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याला हे नाव दिले. त्याचा अर्थ 'पुष्कळ पोरांची माशावरील ऊ' असा होतो. वास्तविक तो उवेसारखा कीटक नाही. परंतु 'पुष्कळ पोरांची' हे विशेषण मात्र अगदी यथार्थ आहे.

या जीवाच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीच्या किंवा कल्ल्यांच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशींवर पोसला जातो. पूर्ण वाढ झाल्यावर तो सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर आकाराचा होतो. तोच आपल्या डोळ्यांना दिसणारा पांढरा ठिपका. दुसऱ्या टप्प्यात तो माशाला सोडून पाण्यात उतरतो, दगडाला वा पाणवनस्पतीला चिकटतो, स्वतःभोवती वेष्टन तयार करतो आणि आत विभागत जाऊन त्याची शेकडो पिल्ले होतात. तिसऱ्या टप्प्यात ही पिल्ले वेष्टन फोडून पोहत सुटतात. एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात. पंचवीस अंश सेल्सियसच्या सुमारास असलेल्या पाण्यात हा सारा फेरा आठवड्याच्या आतच पुरा होतो. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात.

आता आरंभीच्या प्रश्नाचा उलगडा होतो. कातडीखाली बसलेल्या परोपजीवीपर्यंत पाण्यातील औषध पोहोचतच नाही. ठिपके गेले ते औषधाने नव्हे, तर पिल्ले घालण्यासाठी परोपजीवी खाली उतरले म्हणून! औषधाचा मारा लागू पडतो तो पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून एकदाच भरमसाट औषध ओतण्याऐवजी, पिल्लांची प्रत्येक नवी तुकडी गाठता येईल अशा बेताने योग्य मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

याहून महत्त्वाचा शोध प्रतिकारशक्तीसंबंधीचा आहे. या रोगातून वाचलेल्या माशाला पुन्हा त्याच परोपजीवीच्या पिल्लांसमोर ठेवले, तर बहुधा त्याला काही होत नाही. याचे कारण शोधताना संशोधकांनी अशा माशाचे रक्तजल घेऊन त्यात जिवंत पिल्ले सोडली. ती काही वेळातच पोहायची थांबली. रक्तजलातील प्रतिपिंडे पिल्लांच्या अंगावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटून त्यांची हालचाल बंद पाडत होती. पुढे अमेरिकेत क्लार्क, डिकरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्जारमीनांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसून आली. अशी प्रतिपिंडे मिळालेल्या माशाच्या कातडीत शिरलेले परोपजीवी तेथे मरण्याऐवजी आपण होऊन बाहेर पडत होते. माशाने शत्रूला ठार न करता घराबाहेर काढले, असे म्हणता येईल.

ही लढाई कोठे होते? मनुष्याप्रमाणे माशाच्या हाडांत रक्तपेशी तयार करणारा मगज नसतो. त्याचे काम बव्हंशी वृक्काचा पुढचा भाग करतो. परंतु शत्रूशी पहिली गाठ पडते ती अंगावरील बुळबुळीत आवरणातच. २००५ साली माशांमध्ये एका नव्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा शोध लागला; ट्राउट माशात त्याला आयजीटी म्हणतात. २०१० साली ट्राउटच्या आतड्यात आणि २०१३ साली त्याच्या कातडीत, याच पांढऱ्या ठिपक्यांच्या परोपजीवीविरुद्ध, हे प्रतिपिंड कार्य करते असे दिसून आले. ज्या बुळबुळीमुळे मासा हातातून निसटतो, ती त्याची तटबंदी आहे आणि तिच्यावर पहारेही आहेत.

आपल्या परिचयाच्या रोहू माशाला आर्ग्युलस नावाची ऊ त्रास देते. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत या उवेने पछाडलेल्या रोहूच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास झालेला आहे. या उवेची मादी माशाला सोडून कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. म्हणून तळ्यात बांबू वा फळ्या उभ्या करून ठेवाव्या आणि ठराविक दिवसांनी त्या बाहेर काढून उन्हात कडक वाळवाव्या, हा बिनखर्चाचा उपाय निघाला. शत्रूची दिनचर्या कळली की त्याला गाठण्याची जागाही कळते.

पांढऱ्या ठिपक्यांवर मत्स्यपालकाने विकत घ्यावी अशी लस अद्याप बाजारात आलेली नाही. हा परोपजीवी जिवंत माशावाचून फार काळ वाढवता येत नाही. प्रयोगशाळेतही त्याला एका माशावरून दुसऱ्यावर न्यावे लागते. त्यामुळे लशीसाठी तो मोठ्या प्रमाणावर तयार करणे कठीण आहे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे मॅलॅकाइट ग्रीन हे द्रव्य माशाच्या मांसात उरते व ते मनुष्याला अपायकारक ठरण्याचा संभव असल्याने अनेक देशांनी खाण्याच्या माशांसाठी त्याला बंदी केली आहे. रोग हटवताना ताटात विष येणार असेल, तर तो उपाय नव्हे.

तेव्हा प्रयोगशाळेने दिलेले ज्ञान तळ्यावर कसे वापरावे? नवे बीज थेट तळ्यात न सोडता दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहावे. आजारी टाकीचे जाळे व बादली दुसरीकडे नेऊ नये. मासे हाताळताना हात व जाळे ओले असावे, म्हणजे अंगावरील आवरण निघणार नाही. तळ्यात दाटी करू नये. मासा थंड रक्ताचा असल्यामुळे गार पाण्यात त्याची प्रतिपिंडे सावकाश तयार होतात, म्हणून थंडीच्या दिवसांत विशेष लक्ष असावे. ठिपके दिसताच एखादा आजारी मासा जिवंत स्थितीत, त्याच पाण्यासह, मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे न्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली या जीवाचे घोड्याच्या नालासारखे केंद्रक दिसले की निदान निश्चित होते.

शिक्षकांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेत साधा सूक्ष्मदर्शक असेल, तर माशाच्या अंगावरील बुळबुळीचा एक थेंब काचेवर घेऊन मुलांना दाखवावा. आपल्या गावच्या तळ्यात काय जगते आणि कशाने मरते, हे ज्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ती उद्या औषधाची बाटली पाण्यात ओतण्यापूर्वी क्षणभर थांबतील व विचार करतील.